हिरू नाचत नव्हती

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलासमोर मी नाचून दाखवलं, तेव्हा माझ्या मुलीच्या आजाराचं निदान झालं.

ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण झालं ते असंच. डॉक्टर हिरूचं पोट चाचपत होते. पोट फुगून तंग झालं होतं आणि डाव्या बाजूला खाली त्यांच्या बोटांना काहीतरी कडक लागत होतं. त्यांनी विचारलं, "शौचाला बसल्यावर ही जोर करते का?"

मी म्हटलं, "बसतच नाय ती. जुलाब हायेत तिला. उभ्या उभ्याच कपड्यात होतात. त्याच्या आधी जरा नाचते."

"नाचते म्हणजे?"

"नाचते म्हणजे नाचते. आमच्याकडं पोरं नाचतातच."

डॉक्टरांनी नळी कानातून काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "दाखवा बघू, कशी नाचते ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराशी बाकीचे पेशंट उभे, सिस्टर उभी. पण पोटचं पोर डोळे मिटून पडलेलं असताना लाज कुणाला धरून बसता येते? मी उठले. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, टाचा उचलल्या, गुडघे एकमेकांना घट्ट लावले, पाठ ताठ केली, ढुंगण आवळलं, तोंड लाल होईपर्यंत श्वास धरला आणि डुलले. हिरू डुलायची तश्शी.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, ही नाचत नाही. शौचाला आलेली दाबून धरते. हिला जुलाब नाहीत. हिला बद्धकोष्ठ आहे, आणि तेही फार दिवसांचं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दिवसातून कितीदा तरी तिचे घाण झालेले कपडे धुणारी मी, आणि हा माणूस मला सांगतो की पोरीला होतच नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला.

आता पहिल्यापासून सांगते. हगण्यामुतण्याच्या गोष्टी काय लिहायच्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी पान उलटावं. ज्यांचं पोर कोपऱ्यात उभं राहून कुंथतंय आणि ज्यांना काही सुचत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

मी दातिवऱ्याची, घिवलीला दिलेली. माहेरी मासळी, सासरी मासळी. आमच्या गावाशेजारी तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. दिवसभर सुरुंगांचे आवाज यायचे, आणि रस्त्यानं हिंदी बोलणाऱ्या मजुरांचे लोंढे. त्यांच्यामुळे बोईसरच्या बाजारात मासळीला गिऱ्हाईक वाढलं होतं. आमचे हे होडीवर गेले की दिवसेंदिवस दिसायचे नाहीत. मी उजाडताना पाटी घेऊन बोईसरला जायची ती दुपार कलल्यावर परत. हिरू माझ्या सासूजवळ. आमच्यात ही रीतच आहे, बाई बाजारात आणि पोर आजीजवळ. माझी सासू, तिला मी आत्या म्हणायची, हिरूवर जीव टाकायची. तिच्या देखरेखीत काही कमी होतं असं मी आजही म्हणणार नाही.

हिरूला दोन वर्षं होऊन गेली होती. पावसाळा सरता सरता तिला ताप आला. तापात तिनं पाणीसुद्धा तोंडात घेतलं नाही. ताप उतरल्यावर पहिल्यांदा जी झाली ती खड्यासारखी कडक, आणि वर रक्ताची रेघ. पोर किंचाळली, तशी मी तिला जन्मापासून कधी किंचाळताना ऐकलं नव्हतं. आत्यानं खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी हिरू खेळायला लागली आणि आम्ही ते विसरून गेलो.

हिरू मात्र विसरली नव्हती. पण दोन वर्षांचं पोर सांगणार कसं?

त्याच सुमारास मी तिला अंगावरचं तोडलं. ती भात खायची, भाजलेला बोंबील खायची, कोरा चहा प्यायची. भाजी आमच्या घरात कोणी फारशी खातच नव्हतं. गोडं पाणी लांबून आणायचं, त्यामुळे सगळेच घोटघोटानं प्यायचो. पोरीला काही कमी पडतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग हिरू नाचायला लागली. अंगणात बोंबील वाळत घालायची वलांडी असते, उभ्या खांबांना आडवे बांबू बांधलेली. तिचा खांब धरून ती चवड्यांवर उठायची, पाय आवळायची, डुलायची, लालबुंद व्हायची. आत्या डबा बडवून ठेका धरायची. शेजारच्या बायका टाळ्या वाजवायच्या. म्हणायच्या, "हिरूच्या अंगात आला गो." आमच्याकडं हळद असो, होळी असो, बाई नाचल्याशिवाय राहत नाही. पोर नाचली की तिचं कौतुकच होणार. मी बाजारातून आले की मीसुद्धा पाटी उतरवून आधी टाळ्या वाजवायची. हिरूच्या डोळ्यांत पाणी असायचं. आम्हाला वाटायचं, लाजते.



पुढं पुढं ती टाळ्यांपासून लांब पळायला लागली. पाट्या रचलेल्या असायच्या तिथं मागं जाऊन उभी राहायची. आणि मग कपडे खराब व्हायला लागले. पातळ, चिकट, भयंकर वासाचं. आधी थोडं, मग दिवसभर. तिला कळायचंही नाही कधी झालं ते. आत्या म्हणाली, "हगवण लागलेय पोरीला." मलाही तसंच वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

हगवणीवर आमच्याकडं जायफळ. सहाणेवर उगाळून चाटवलं. पाणी कमी केलं, म्हणजे पोट चालायचं थांबेल. नुसता भात आणि काळा चहा. दोन दिवस थांबल्यासारखं झालं, परत सुरू. मग जायफळ वाढवलं.

मी तिला बोईसरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पोट चालतंय का?"

मी म्हटलं, "सारखं चालतंय."

त्यांनी खडूसारखं पांढरं औषध दिलं, पोट बांधायचं. त्यांना मी बोल लावत नाही. बाहेर मजुरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. त्यांनी विचारायचं ते विचारलं, मी दिसत होतं ते सांगितलं. "पोट चालतंय" या दोन शब्दांनी आम्हा दोघांनाही फसवलं.

ते औषध सुरू केल्यावर हिरूचं खाणं तुटलं. हात-पाय काड्या झाले आणि पोट नगाऱ्यासारखं. झोपेत कण्हायची. तिच्या अंगाला वास यायचा, कितीही धुतली तरी. आळीतल्या ज्या बायका टाळ्या वाजवायच्या त्यांनी आपली पोरं आमच्या अंगणात पाठवायची बंद केली. रोग लागेल म्हणून. हिरू उंबऱ्यात बसून त्या पोरांकडे बघत राहायची. एका बाईला मी भर रस्त्यात शिव्या घातल्या. त्यानं काय होणार होतं? पण घातल्या.

आत्या म्हणाली, "मासवणकडं एक भगत हाय, त्याच्याकडं नेऊ." मी जायला तयार होते. मी कुठंही गेले असते. पण त्याच दिवशी हिरूनं ओकायला सुरुवात केली. पाणी दिलं की बाहेर, चहा दिला की बाहेर. संध्याकाळी होडी लागली. हे घरात आले, पोरीकडे बघितलं आणि तसेच परत बाहेर गेले. सकाळी बांधकामाकडून रिकामा परतणारा एक ट्रक ते अडवून घेऊन आले. ड्रायव्हर म्हणाला, "चढ जाओ बहनजी, बच्ची को सँभाल के पकडो." बोईसरपर्यंत प्रत्येक खड्ड्याला हिरू विव्हळली. तो बिचारा खड्डा आला की गाडी पार थांबवल्यासारखी हळू करायचा. पुढं आगगाडीनं पालघर.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिलो. ज्यांचं पोर आजारी असतं त्यांना ठाऊक असेल, तिथं वेळ पुढं सरकतच नाही. पोर मांडीवर, तिचं तोंड कोरडं, आणि आत गेलेला पेशंट काही बाहेर येत नाही. समोरच्या भिंतीचा पोपडा मी बघत बसले होते. मनात एकच, ही आता जाते. हे दाराशी उभे होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर दोघांनाही रडू आलं असतं.

आणि मग तो नाच.

निदान झाल्यावर डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. त्यांचे शब्द मला अजून पाठ आहेत, कारण ते मी नंतर गावात शंभरदा सांगितले.

हिरूला झालं होतं त्याला ते "फीकल इम्पॅक्शन" म्हणाले. म्हणजे मळ आतड्याच्या शेवटच्या भागात साठून साठून सुकतो आणि त्याचा घट्ट गोळा बसतो. सुरुवात होते "फिशर"नं. फिशर म्हणजे कडक शौचामुळे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर. ती झोंबते. पोराला कळतं, हे बाहेर आलं की दुखतं. मग आलं की ते धरून ठेवतं. जितकं धरतं तितकं आत सुकतं, जितकं सुकतं तितकं पुढच्या वेळी दुखतं.

मी विचारलं, "मग कपड्यात होतं ते काय?"

"नळी तुंबली की कडेनं पाणी झिरपतं ना? तसं वरचं पातळ त्या गोळ्याच्या बाजूनं झिरपतं. याला ओव्हरफ्लो म्हणतात, म्हणजे भरून वाहणं. तुम्हाला वाटलं पोट चालतंय. पोट बंद होतं."

आणि आम्ही जायफळ देत होतो. पाणी तोडत होतो.

त्यांनी आणखी एक विचारलं, "जन्मल्यावर पहिली शी कधी झाली?" मी म्हटलं, पहिल्याच दिवशी. ते म्हणाले, बरं झालं, काही मुलांच्या आतड्यात जन्मतःच दोष असतो, त्यांना सुरुवातीपासून त्रास होतो, हिचं तसं दिसत नाही. मग त्यांचा आवाज बदलला. "पण उलट्या होतायत. हा गोळा निघाला नाही तर आतड्याचा रस्ताच बंद होईल. ऑब्स्ट्रक्शन. तसं झालं तर इथं काही करता येणार नाही, मुंबईला नेऊन पोट उघडावं लागेल. आणि हिच्या अंगात ते सोसायची ताकद किती आहे, ते तुम्हीच बघा."

मी बघितलं. तिच्या अंगात काहीच नव्हतं.

पहिल्यांदा तेलाचा एनिमा दिला. एनिमा म्हणजे रबरी नळीनं गुदद्वारातून कोमट तेल किंवा पाणी आत सोडतात. हे दवाखान्यातच करायचं काम आहे, कोणी ऐकलं म्हणून घरी करू नका. सिस्टर म्हणाली, "आईनं धरा." मी हिरूला कुशीवर धरलं. एवढी मेल्यागत पडलेली पोर, कुठून बळ आलं तिला कोण जाणे. तिनं माझ्या दंडाला चावा घेतला. तो मला लागला नाही. लागली ती तिची नजर. तिचं सगळं जग तिला दुखवायला निघालं होतं आणि त्यात आता मीही होते.

तेल आत गेलं आणि काही झालं नाही. थांबलो. परत केलं. नुसतं तेल बाहेर आलं. डॉक्टर येऊन पोट दाबून बघून गेले, काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला ऑपरेशनच्या नावापेक्षा भयंकर वाटलं. मी ह्यांना म्हटलं, "हिला घरी नेऊ. मरायची असेल तर समुद्राजवळ मरू दे." हे म्हणाले, "तोंड आवर."

शेवटी डॉक्टरांनी हातमोजा घातला, बोटाला औषध लावलं आणि तो गोळा आतच फोडून तुकड्यातुकड्यानं काढायला घेतला. हिरूचा आवाज आधी खूप होता, मग घोगरा झाला, मग नुसतं तोंड उघडायची आणि आवाज यायचा नाही. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन काय बडबडत होते मला माहीत नाही. मग साबणाच्या पाण्याचा एनिमा दिला आणि एकदम सुटलं. इतकं, की एवढ्याशा पोटात हे मावलं कुठं असा प्रश्न पडावा. सिस्टरनं भांडं झाकून नेलं.

पोट खाली बसलं. हिरूनं पाणी मागितलं, प्याली, आणि ते पोटात राहिलं. ती झोपल्यावर मी भिंतीला टेकून रडले. मला वाटलं, सुटलो.

डॉक्टर म्हणाले, "हे सोपं होतं. अवघड पुढं आहे. आतडं मी रिकामं केलं, पण तिची भीती माझ्या हातात नाही. आता हे घरी सांभाळायचं, महिनोन्‌महिने."

त्यांनी लिक्विड पॅराफिन दिलं. हे तेलासारखं औषध मळ निसरडा ठेवतं, पण काही वेळा कपड्याला तेलकट डाग पडतात, त्याला घाबरायचं नाही. (आज मुलांना दुसरी औषधं देतात, तेव्हा हेच होतं. आपल्या डॉक्टरला विचारा.) भरपूर पाणी, पालेभाजी, पपई, पेरू, चिकू. चहा बंद. जायफळ बंद. जेवणानंतर थोडा वेळ बसवायचं, तान्ह्या बाळाला बसवतात तसं आईच्या पायांवर, म्हणजे तिच्या पायांना आधार राहील. झालं नाही तर उठवायचं. रागवायचं नाही. "आणि काही झालं तरी," ते म्हणाले, "तिच्याभोवती माणसं जमवायची नाहीत."

घरी आलो. मी आत्याला औषध कसं द्यायचं ते सांगितलं. नाचाचं मात्र सांगितलं नाही. तिनंच सगळ्यांत जास्त ठेका धरलेला, तिला काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडानं? मी पाटी उचलली आणि परत बाजारात जायला लागले.

दोन-चार दिवसांत एका दुपारी घरी आले तर आत्या सहाणेवर जायफळ उगाळत बसलेली. हिरूच्या चड्डीला तेलाचे डाग होते. आत्या म्हणाली, "हगवण परत आली बग. त्या दाक्तराच्या तेलानंच आली. मी बंद केला ता तेल."

माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातातली सहाण हिसकावली आणि अंगणात भिरकावली. ती वलांडीच्या खांबावर आपटून फुटली. सासूसमोर आवाज चढवायची आमच्यात पद्धत नाही, आणि मी तर सगळी आळी ऐकेल असं ओरडले. आत्या उठली, सहाणेचे तुकडे गोळा केले आणि आत गेली.

पण नुकसान झालं होतं. हिरूनं परत धरायला सुरुवात केली होती. मी तिला पायांवर बसवायला गेले तर लाकडासारखी ताठ व्हायची, पाठीमागं झोकून द्यायची. "नको, नको, नको." पोट परत कडक झालं. परत तो वास. मी देवाला बोलू नये ते बोलले. किनाऱ्यावर जाऊन एकटीच बसले आणि विचार केला, हिचं काय होणार? आयुष्यभर हिला नळ्या घालत राहणार? ही अशी जगणार तरी किती?

परत पालघर. परत एनिमा. या वेळी हिरूनं दवाखान्याची इमारत लांबूनच ओळखली आणि माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, "बाई, मी हे असं सारखं करू शकत नाही. प्रत्येक वेळी तिची भीती दुप्पट होते. आणखी एकदा अशी आली तर मी मुंबईला पाठवतो." मग त्यांनी विचारलं, "दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

मी म्हटलं, "सासू."

"आणि तुम्ही?"

आमच्या घरात मी बाजारात गेले नाही तर होडीतून आलेली मासळी कुजणार, हे त्यांना काय सांगायचं?

संध्याकाळी आत्यानं विचारलं, "काय बोलला दाक्तर?" सहाण फुटल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. मी दमले होते. मला काही लपवायचं त्राण नव्हतं. सगळं सांगितलं. फिशर सांगितलं, भरून वाहणं सांगितलं, मुंबई सांगितली. आणि नाच म्हणजे काय होता तेही.

आत्याचा हात तोंडावर गेला. म्हणाली, "रडत होती ती. मी बघला होता. मला वाटला, लाजते." मग म्हणाली, "मी डबा बडवला गो."

मी म्हटलं, "आत्या, टाळ्या मीपण वाजवल्या."

दुसऱ्या दिवशी उजाडताना उठले तर माझी पाटी जागेवर नव्हती. आत्या अंगणात चुंबळ डोक्यावर ठेवून उभी. तिनं बाजार सोडून वर्षं झाली होती, गुडघे धरलेले. मी म्हटलं, "आत्या, हे काय?"

"पाटी मी घेतेय. तू पोरीजवळ बस."

"तुमाला झेपायचा नाय."

"मला काय झेपतंय ता मी बघेन. पोरीला तू लागतेस."

त्या बाईचे पांग मी कसे फेडणार? बोईसरपर्यंत ती पाटी घेऊन जायची आणि पाय ओढत परत यायची. एकदाही कुरकुर केली नाही. डॉक्टरांनी माझ्या मुलीचा जीव वाचवला, त्यांना मी रोज हात जोडते. सिस्टरला जोडते. त्या अनोळखी ड्रायव्हरला जोडते. पण पाटी उचलणारी नसती तर त्या सगळ्यांचं केलेलं वाया गेलं असतं. म्हणून दुसऱ्या घरांना माझं सांगणं हेच, पोराला औषध लागतं तितकंच घरातलं एक मोकळं माणूस लागतं. आईवर सोडून देऊ नका, आणि आईला मोकळी केल्याशिवाय तिला बोलही लावू नका.

आणखी एक. डॉक्टरनं "पोट चालतं का" विचारलं तर हो-नाही म्हणू नका. कसं होतं, कधी होतं, कुठं उभं राहून होतं, पोर तेव्हा काय करतं, सगळं सांगा. सांगता येत नसेल तर करून दाखवा. लाज धरू नका.

मी हिरूजवळ बसले. रोज जेवण झालं की तिला पायांवर घ्यायची. पहिले कितीतरी दिवस ती बसायचीच नाही. मग बसायला लागली, पण धरून. मी बोलायची, तिच्या बोटांशी खेळायची. झालं नाही की उठवायची आणि हसायची. आतून मी रोज मरत होते. रोज तिच्या पोटावर हात फिरवून बघायची, कडक लागतंय का. रोज वाटायचं, उद्या मुंबई.

त्या दिवशीही तसंच बसवलं होतं. अंगणात कोणी नव्हतं. हिरूच्या टाचा उचलल्या गेल्या, खांदे ताठ झाले. मला कळलं, आलीय आणि ती धरतेय. मी हातसुद्धा लावला नाही. हळूच म्हटलं, "हिरू, मी इथंच हाय. कोण नाय बघत."

तिनं माझे गुडघे दोन्ही हातांनी पकडले. तोंड वाकडं झालं. आता किंचाळणार, उठून पळणार. पण ती पळाली नाही. कुंथली. एकदम तिचा चेहरा सैल झाला आणि माझ्या पावलांवर ऊन ऊन लागलं. आधी थोडं, मग भरपूर. मऊ, पिवळं, रक्ताचा ठिपका नाही. हिरूनं वाकून खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि नवल वाटल्यासारखं म्हणाली, "नाय दुखला."

मी हलले नाही. मला हलताच येत नव्हतं. तेवढ्यात आत्या रिकामी पाटी घेऊन अंगणात आली. मला तशी बसलेली बघून तिथंच थबकली. "काय झाला गो?"

हिरूच म्हणाली, "आजी, नाय दुखला."

आत्यानं पाटी खाली ठेवली. जवळ येऊन वाकून नीट बघितलं. मग आत गेली आणि पाण्यानं भरलेली कळशी घेऊन आली. आधी हिरूला धुतलं. मग माझ्यासमोर उकिडवी बसली, धरलेल्या गुडघ्यांवर, आणि माझ्या पायांवर पाणी ओतून हातानं चोळायला लागली. सासूनं सुनेचे पाय धुवायचे, हे आमच्या आळीत कोणी पाहिलं नव्हतं. मी पाय मागं घेतले. म्हटलं, "आत्या, ऱ्हाऊ द्या, मी धुते."

"गप बस," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. तिनं माझा घोटा धरून पाय पुढं ओढला आणि बोटांच्या बेचक्यांतूनही चोळून चोळून धुतला.